केस पुसू नका, टिपा!

न्हाल्यावर लांब केस टॉवेलने खसाखसा पुसण्याची सवय सोडायला हवी, असे माझे मत आहे. कारण ऐका.

केसावर कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. केस भिजला की फुगतो, खवले किंचित उचलले जातात आणि केस सहज ताणला जातो. अशा वेळी घासले तर खवले झिजतात, केस तुटतो.

हल्ली मायक्रोफायबरचे टॉवेल मिळतात. त्यांचा ९ किलोमीटर लांब तंतू वजनाला १ ग्रॅमही भरत नाही! अशा तंतूंमधल्या बारीक फटी केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात. घासावे लागत नाही. मात्र हे तंतू प्लॅस्टिकचे. दर धुण्याला त्यांचे कण पाण्यात जातात.

मग गिरणाकाठच्या भडगावात, कापसाच्या खानदेशात, हा टॉवेल विकत कशाला आणायचा? धुऊन धुऊन खळ गेलेले, मऊ झालेले सुती धोतर किंवा लुगडे घरात असतेच. तेही केशाकर्षणानेच पाणी टिपते. ते केसांभोवती गुंडाळा, हलके दाबा आणि थोडा वेळ तसेच राहू द्या.

खरे-खोटे पाहायचे आहे? जुन्या धोतराची आणि कोऱ्या कापडाची सारखी पट्टी पाण्यात टेकवून धरा. पाणी कोणत्या पट्टीत लवकर चढते, ते स्वतःच पाहा.