प्रतीक्षायादी आणि तीन दिवसांची मुदत

गेल्या जुलैत हिंजवडीत बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारे एक समाजबांधव मुलीला घेऊन आमच्याकडे आले. राहणार मुळशी तालुक्यात, पौडच्या पलीकडे. मुलगी बी.एस्सी. झालेली, पुढे एम.एस्सी. करायचे. दोन सरकारी विद्यापीठांत तिचे नाव प्रतीक्षायादीत होते. पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात जागा मिळाली होती, पण तिथे तिचे मन नव्हते. त्यातच परजिल्ह्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचा रोज फोन : तीन दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल.

बाप म्हणाले, "वकीलसाहेब, सावकाराशी बोलून ठेवलंय. भरू का?"

आम्ही म्हणालो, "थांबा दादा. आधी कागद दाखवा."

आमचे म्हणणे सरळ आहे. हातातली जागा सोडू नका आणि प्रतीक्षायादीतला हक्कही सोडू नका. पण नावाच्या मोहाने कर्ज काढून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊ नका. त्या कोट्यातून प्रवेश घेतला की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. अनुसूचित जातींसाठी ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती आपल्या लढ्याची कमाई आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारा : इथे शिष्यवृत्ती लागू आहे का?

दुसरी भीती अशी की, एकदा पैसे भरले की अडकलो. तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर अखेरच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण शुल्क परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून शुल्काच्या पाच टक्के, तोही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतो. त्यानंतर परतावा ९०, ८०, ५० टक्के असा उतरत जातो आणि अखेरच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचा अधिकार संस्थेला नाही; ती पडताळून परत द्यायची असतात. म्हणून रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख सांभाळा.

आमची पोरे गुणवत्तेत कमी पडतात म्हणून मागे राहत नाहीत, मुदतीत पैसे कमी पडतात म्हणून राहतात. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या दलित मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्याने गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून ती परत मिळवून दिली. २०२१ साली आयआयटी मुंबईच्या एका दलित विद्यार्थ्यालाही असाच दिलासा मिळाला होता. निकाल स्वागतार्हच. पण दिल्लीपर्यंत किती बाप पोचतील?

प्रतीक्षा कशी करावी, हे बाबासाहेबांनी दाखवले आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली, पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. हातातले काम केले, पण दार बंद होऊ दिले नाही.

मुळशीच्या मुलीची यादी शेवटपर्यंत सरकली नाही. ती आज पुण्याच्या त्याच महाविद्यालयात शिकते आहे. घरावर कर्ज नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. तिला वाईट वाटले नाही असे आम्ही म्हणणार नाही. वाटले, आणि ते रास्तच आहे. सरकारी विद्यापीठांत जागा वाढवा, ही मागणी त्यासाठीच लावून धरली पाहिजे.

तोवर एवढे तरी करू. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग प्रत्येक विहाराने प्रवेश निधी म्हणून बाजूला काढावा. जून-जुलैत जागा धरण्यापुरते पैसे मुलांना द्यावेत आणि शुल्क परत मिळाले की ते निधीत जमा करून घ्यावेत. विहारात रविवारी दोन तास एखादा वकील, एखादा शिक्षक बसावा. सावकाराच्या दारात जाण्याआधी आपला माणूस विहाराच्या दारात आला पाहिजे.

जय भीम.