किश आणि आईचं मोहन

गेल्या वेळी नव्या ओव्हनबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "केकच्या पुढे काय?" पुढे किश! हा फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातला पदार्थ. खाली मैद्याची खुसखुशीत पारी आणि आत अंडी, दूध, क्रीमचं खारं कस्टर्ड.

माझे पहिले दोन किश फसले. एकाची पारी भाजताना आक्रसली, दुसऱ्याचा तळ कच्चा राहिला. तिसऱ्या रविवारी मी पुन्हा मैदा मळत होतो आणि आई दारात उभी होती. बाबा गेल्यावर काचीगुड्याचं घर बंद करून ती आमच्याकडे कोंडापूरला आली, त्याला आठ महिने झाले. इथल्या स्वयंपाकघरात ती अजून पाहुण्यासारखी वावरते. त्यात तिला अंडं वर्ज्य. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"अरे, पोळीच्या कणकेसारखा काय मळतोयस? मोहन पुरेसं आहे का ते बघ आधी. मूठ आवळ, मुटका वळला पाहिजे."

वळला नाही. तब्येतीच्या नावाखाली मी लोणी निम्मं केलं होतं आणि ती कसर पाण्याने भरून काढली होती. जास्त पाणी, जास्त मळणं, की पारी चिवट होते आणि आक्रसते. करंजी-शंकरपाळ्यांचं गणित इथेही तेच निघालं.

आठ इंची टिनसाठी १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ. बोटांनी चोळून मुटका वळला, की दोन-तीन मोठे चमचे गार पाणी घालून फक्त गोळा करा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. लाटून टिनमध्ये बसवा, टोचे मारा, वर बटर पेपर आणि त्यावर कोरडा राजमा पसरा. २०० अंशांवर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी ८-१० मिनिटं. तळ कच्चा राहत नाही तो यामुळे.

सारणाचं प्रमाण सोपं आहे: एका अंड्याला १२० मिली दूध-क्रीम. तीन अंडी, दूध व क्रीम प्रत्येकी १८० मिली, मूठभर किसलेलं चीज, मीठ, मिरपूड, जायफळ. परतलेला कांदा आणि पालक घाला, पण पालक घट्ट पिळून. नाहीतर सगळं पाणचट होतं. १८० अंशांवर ३०-३५ मिनिटं. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढा. जास्त भाजलं तर कस्टर्ड फाटून पाणी सुटतं.

वेळ नसेल तर पारी सोडून द्या. भांड्याला लोणी लावा, याच मिश्रणात दोन चमचे मैदा घाला आणि १७० अंशांवर भाजा. डब्यासाठी उत्तम!

त्या दिवशी किश आम्ही खाल्लं. पारीची उरलेली कात्रणं आईने ओवा, मीठ लावून पुन्हा लाटली, शंकरपाळे कापले आणि म्हणाली, "हे तुझ्या त्या पेटीत भाजतील का रे?"

भाजले. गेल्या मंगळवारी ऑफिसमधून घरी आलो, तर ओव्हन आधीच गरम होता.