हायड्रोजनची कुजबुज आणि रेल्वेचा मार्ग

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा मूळ मार्ग व्यवहार्य नसल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले आणि शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे आणला. कारण दिले गेले ते जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी या दुर्बिणीचे. एका दुर्बिणीसाठी रेल्वे का वळवायची, हा जुन्नर-संगमनेर पट्ट्यातून विचारला जाणारा प्रश्न स्वाभाविक आहे. ‘विज्ञान महत्त्वाचे’ एवढे म्हणून त्याचे उत्तर देता येणार नाही.

विश्वात सर्वाधिक विपुल असलेला हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. डच शास्त्रज्ञ व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केलेले हे भाकीत १९५१ मध्ये प्रत्यक्षात उतरले. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येणाऱ्या या लहरी ताणल्या जातात. पहिले तारे प्रकटले त्या काळातील हायड्रोजनची खूण आज काही मीटर लांबीच्या लहरींमध्ये शोधावी लागते. पंचाईत अशी, की आपली एफएम केंद्रेही याच पट्ट्यात आहेत. शिवाय आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ गोंगाट या संकेताच्या हजारो पट तीव्र असतो.

हे काम किती नाजूक आहे, याचा प्रत्यय अलीकडेच आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निर्जन भागात निरीक्षणे करणाऱ्या ‘एजेस’ या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ असा संकेत सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. तो अपेक्षेपेक्षा दुपटीहून अधिक तीव्र असल्याने खळबळ उडाली. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने मग ‘सारस-३’ ही अँटेना कर्नाटकातील जलाशयांवर तरंगत ठेवून निरीक्षणे घेतली. एजेसने वर्णिलेला संकेत त्यांत आढळत नसल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपकरणातील किंवा परिसरातील किंचित दोषही विश्वाच्या जन्मकथेची दिशाभूल करू शकतो, हा त्याचा धडा.

सारसची अँटेना उचलून तलावावर नेता आली. खोडदची दुर्बीण तशी हलवता येणार नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभारताना आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचा शोध हे प्रमुख उद्दिष्ट होते आणि रेडिओ शांतता हा जागेच्या निवडीचा महत्त्वाचा निकष. पहिल्या ताऱ्यांच्या काळातील संकेत तिला अद्याप गवसलेला नाही. मात्र ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे मोजमाप तिने २०२० मध्ये शक्य केले. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या रेडिओ गोंगाट निर्माण करतात. अशा मोजमापांना तो मारक ठरू शकतो.

भारत ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जागतिक प्रकल्पात सहभागी होत असताना खोडदची गरज काय, असाही युक्तिवाद होतो. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या त्या प्रकल्पातील सहभागासाठी केंद्राने १,२५० कोटी रुपये मंजूर केले, हे खरे. पण त्यात भारताला मिळालेले स्थान खोडदच्या अनुभवाचेच फलित आहे.

तेव्हा दुर्बीण राखण्याचा निर्णय योग्यच ठरतो. मात्र त्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर पूर्वीपासूनच निर्बंध आहेत. आता रेल्वेही दुरावण्याची चिन्हे आहेत. शांततेचा लाभ साऱ्या जगाला आणि तोटा एका तालुक्याला, हा न्याय नव्हे. गोंगाट नेमका किती होईल आणि तो कोणत्या उपायांनी रोखता येईल, याचा तांत्रिक अहवाल सोप्या मराठीत ग्रामस्थांपुढे ठेवावा. मार्ग वळवणे अटळच असेल, तर या भागाला अन्य मार्गांनी भरपाई द्यावी. अब्जावधी वर्षांपूर्वीची कुजबुज ऐकू पाहणाऱ्यांनी शेजारच्या गावांचा आवाजही ऐकायला हवा.