कवटीचा तळ आणि कानाचा ठणका



घरातील वडीलधाऱ्यांचा कान दुखू लागला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. लसणाची पाकळी टाकून कढवलेले तेल कोमट करायचे आणि दोन थेंब कानात सोडायचे. दुसऱ्या दिवशी कान वाहू लागला तर कापसाचा बोळा आणि तरीही थांबले नाही तर औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब. ‘कानच तो, राहील आपोआप’ या समजुतीत आठवडे निघून जातात. तरुण आणि निरोगी माणसाच्या बाबतीत हे दुखणे बहुधा खरोखरच किरकोळ निघते. परंतु अनेक वर्षे मधुमेह असलेल्या वृद्ध व्यक्तीचा कान रात्री झोप मोडेल इतका ठणकत असेल, तर प्रश्न केवळ कानाचा राहत नाही. कान ज्या हाडात वसला आहे, त्या कवटीच्या तळाचाही तो असू शकतो. हा तळ कसा आहे हे समजले, तर ही घाई कशासाठी हेही समजेल.

मेंदू ज्या हाडांवर विसावलेला असतो, तो कवटीचा तळ सपाट नसतो. पुढून मागे तो तीन पायऱ्यांनी उतरत जातो. पहिली, सर्वांत उंच पायरी डोळ्यांच्या आणि नाकाच्या वर असते. तेथील हाडाचा एक भाग चाळणीसारखा सच्छिद्र असून त्यातून वासाच्या ज्ञानाचे सूक्ष्म तंतू वर जातात. मधल्या पायरीवर पंख पसरलेल्या पाकोळीसारखे एक हाड आहे. त्याच्या मध्यावरील खोबणीत पिट्युटरी ग्रंथी सुरक्षित बसलेली असते. तिसरी पायरी सर्वांत खोल आहे. तेथे लहान मेंदू आणि मेंदूचा देठ असतो आणि तिच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो.

आपल्या जुन्या वाड्यांना जशी दारे, दिंड्या आणि झरोके असत, तशी या तळालाही अनेक छिद्रे आहेत. मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांना डोळे, चेहरा, कान, जीभ आणि घसा येथवर पोहोचण्यासाठी याच वाटा आहेत. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मुख्य धमन्याही येथूनच वर येतात. त्यांपैकी दोन कवटीच्या तळातील हाडाच्या बोगद्यातून, तर दोन मागच्या मोठ्या छिद्रातून जातात. आपल्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के वापरतो. तो सारा पुरवठा या अरुंद वाटांवर अवलंबून आहे.

आता कानाकडे वळू. कानाची बाहेरची नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. हे हाड म्हणजे शंखास्थी, कवटीच्या तळाचाच एक घटक. नळीच्या कूर्चेत खालच्या बाजूला काही निसर्गदत्त फटी असतात. सॅन्टोरिनी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. एरवी त्यांचा काही त्रास नसतो. परंतु कानाच्या नळीत जंतूंनी ठाण मांडले, तर याच फटींतून ते कवटीच्या तळाकडे सरकू शकतात.

दीर्घकाळच्या मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींचा जोर कमी झालेला असतो. अशा कानात बहुधा स्यूडोमोनास नावाचे जंतू शिरकाव करतात. ओलावा त्यांना मानवतो. काडीने किंवा केसांच्या पिनेने कान कोरताना पडलेला बारीकसा ओरखडा, किंवा साध्या पाण्याने कान धुणे, एवढे निमित्त त्यांना पुरते. 1968 साली चँडलर या अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराला ‘मॅलिग्नंट’ असे विशेषण लावले. वाचकांनी या शब्दाने दचकू नये. हा कर्करोग नव्हे. प्रभावी प्रतिजैविके हाती नसलेल्या त्या काळी अनेक रुग्ण या जंतुसंसर्गाने दगावत, म्हणून हे नाव पडले. मात्र कानाच्या नळीचा कर्करोग कधीकधी असाच दिसतो. त्यामुळे डॉक्टर तेथील मांसाचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात, तेव्हा त्यास नकार देऊ नये.

संसर्ग पुढे सरकला की त्याची चिन्हे कवटीच्या नकाशाप्रमाणे उमटतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा सातवा मज्जातंतू कानाच्या अगदी खाली असलेल्या छिद्रातून बाहेर पडतो. म्हणून बहुधा सर्वांत आधी तोच सापडतो. एका बाजूचा डोळा मिटत नाही, ओठांचा कोपरा ओघळतो, चूळ भरताना पाणी बाहेर येते. त्याहून आतल्या छिद्रातून मेंदूतील रक्त खाली नेणारी मोठी नीला जाते आणि तिच्या सोबतीने नववा, दहावा व अकरावा मज्जातंतू जातो. ते बाधित झाले तर आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो, खांदा उचलणे जड जाते. शेजारच्याच वाटेने जाणारा बारावा मज्जातंतू दुखावला तर बाहेर काढलेली जीभ एका बाजूला वळते. कानाचे दुखणे आणि गिळताना लागणारा ठसका यांचा संबंध एरवी कोणाच्या ध्यानी येणार नाही, पण कवटीच्या तळाशी ही दारे एकमेकांना लागून आहेत.

तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांनी काय पाहावे? मधुमेही वृद्धाचा कान रात्री अधिक ठणकणे, घास चावताना कानापाशी कळ येणे, कान वाहणे, आणि थेंब घालूनही आराम न पडणे. यांपैकी काहीही आढळल्यास आठवडाभर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि मधुमेह असल्याचे आपणहून सांगावे. डॉक्टर कानात पाहतात, स्रावाची तपासणी करतात, रक्तातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या आणि स्कॅन करून घेतात. सुरुवातीच्या काळात सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज दिसेलच असे नाही. म्हणून ‘स्कॅन चांगला आला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ठणका कायम असेल तर पुन्हा जावे.

चेहरा अचानक वाकडा झाला, तर कान दुखत असो वा नसो, तो पक्षाघातही असू शकतो. पक्षाघातात कपाळाला बहुधा आठ्या घालता येतात, तर सातव्या मज्जातंतूच्या विकारात त्या बाजूचे कपाळही हलत नाही. ही माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे, घरी निदान करण्यासाठी नव्हे. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

या विकारावरील उपचार लांबचा असतो. हाडापर्यंत औषध पोहोचून जंतू नष्ट होण्यास साधारणतः सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ठणका मात्र त्याआधीच कमी होतो आणि येथेच घात होतो. ‘आता बरे आहे’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि हाडात दडलेला संसर्ग पुन्हा डोके वर काढतो. या आजारात नेहमी दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या काही औषधांसोबत घेतल्यास तिचा अंश शरीरात नीट शोषला जात नाही. तसेच मधुमेहाच्या औषधांबरोबर ती साखर एकाएकी खाली आणू शकते. म्हणून आजीआजोबांच्या साऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, वेळा ठरवून घ्याव्यात आणि घरी साखर अधिक वेळा तपासावी. डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून इजा होऊ शकते. त्यासाठीचे थेंब आणि रात्री डोळा झाकण्याची पद्धतही विचारून घ्यावी.

राहिला प्रश्न आपल्या जुन्या उपायाचा. कानात तेल सोडणाऱ्या हातात माया असते, यात शंका नाही. पण मधुमेही वृद्धाच्या कानात तेल, काडी, पाणी यांपैकी काहीही घालू नये. स्नानानंतर बाहेरचा कान मऊ फडक्याने टिपावा, श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग स्वच्छ व कोरडा ठेवावा आणि साखर आटोक्यात राहील असे पाहावे. आणि आज रात्री घरातील ज्येष्ठांना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘कान दुखतो का?’ अनेकदा मुलांना त्रास नको म्हणून ते आपणहून बोलत नाहीत.