शोधणीचे पैसे द्या, मग चर खोदा




रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा मुकी असते आणि जेसीबी येतो तो दिवसाच. अकराच्या सुमारास बकेटच्या दातात अडकून ती तुटते. ना ठिणगी, ना आवाज. चर बुजवून माणसे निघून जातात आणि संध्याकाळी सात वाजता दिवे लागतच नाहीत, तेव्हा कुठे गल्लीला कळते. प्रस्तुत पत्रलेखकाच्या गल्लीने अशा चार रात्री अंधारात काढल्या. केबल कोणी तोडली याचे उत्तर पाचव्या दिवशीही कुणाकडे नव्हते.

खोदाई नको, असे कोणी म्हणत नाही. गॅस हवा, पाणी हवे, इंटरनेट तर हवेच हवे. पण खाली काय पुरले आहे ते सांगणारे यंत्र बाजारात असताना ते चराच्या काठावर क्वचितच दिसते. याचे कारण बहुतेक अंदाजपत्रकातच सापडेल. खोदण्याचा दर असतो, बुजवण्याचा असतो, वर डांबर टाकण्याचाही असतो. शोधणीची स्वतंत्र बाब मात्र सहसा नसते. ज्याचे बिल निघत नाही ते काम ठेकेदार कशाला करील?

हे यंत्र, म्हणजे लोकेटर, तसे अवघड नाही. ट्रान्समीटरची लाल वायर दिव्याच्या खांबातल्या केबलला किंवा लोखंडी व्हॉल्व्हला जोडायची, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. मग रिसीव्हर हातात धरून रस्ता आडवा चालायचा. केबल जवळ येईल तसा सूर चढतो, रिसीव्हर नेमका केबलच्या डोक्यावर आला की टिपेला पोचतो. तिथेच रिसीव्हर काटकोनात फिरवला की सूर बसतो; म्हणजे केबल कोणत्या दिशेने गेली तेही समजते. रंगाची खूण करायची आणि दोन पावले पुढे. शंभर मीटरची गल्ली तपासायला चहाच्या दोन फेऱ्यांइतका वेळ पुरतो.

अर्थात, यंत्र नुसते फिरवून भागत नाही. ट्रान्समीटर न लावता ते वापरले, तर मुख्यतः वाहत्या विजेचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र टिपले जाते. दिव्यांच्या केबलमध्ये दिवसा वीजच वाहत नसल्याने यंत्र गप्प राहते आणि ते धरणारा नवखा माणूस ‘खाली काही नाही’ म्हणून मोकळा होतो. प्लास्टिकची गॅसवाहिनी किंवा धातूविना ऑप्टिकल फायबर या यंत्राला दिसतच नाही, शेजारून तांब्याची माग-तार टाकलेली असेल तरच सापडते. जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार प्लास्टिकही दाखवते; मात्र पावसाळ्यातल्या ओल्या काळ्या मातीत त्या लहरी लवकर विरतात. म्हणून यंत्राइतकेच ते चालवणारे प्रशिक्षित हातही विकत घ्यावे लागतात.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि त्यात सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. ॲप चांगलेच आहे. पण ते खोदणाऱ्याची गाठ केबलच्या मालकाशी घालून देते आणि मालकाच्या हाती असतो जुना नकाशा. त्यावर ‘रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर’ असे लिहिलेले असते. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, पदपथ सरकला, कडच जागेवर राहिली नाही!

ब्रिटनमध्ये भूमिगत वाहिन्या शोधण्यासाठी २०१४ पासून ‘पास १२८’ हे प्रमाण आहे. त्यात सर्वेक्षणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंदी पाहणे, जागेवर जाऊन झाकणे-चेंबर पाहणे, यंत्राने शोधणे आणि शेवटी हाताने खड्डा घेऊन खात्री करणे. आपले ॲप पहिल्या पायरीवर थांबते.

तुटलेली केबल निदान रात्री कळते; गॅसवाहिनीला बसलेला ओरखडा तेवढाही कळत नाही. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममध्ये आथ शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीत उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली आणि २४ जण मृत्युमुखी पडले. आधीच्या बांधकामात यंत्राचे ओरखडे वाहिनीला बसले होते. नंतर दाब वाढवला तेव्हा ती तिथेच फाटली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये २००८ पासून यंत्राने खोदण्याआधी चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते काम पाहते तिथले भूमिअभिलेख खाते. आपल्याकडेही शहरोशहरी घराघरात गॅसच्या वाहिन्या पोचत आहेत.

खर्च वाढेल, वेळ जाईल, ही ओरड होणारच. पण लोकेटरचा संच जेसीबीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आणि वेळेचेच म्हणाल, तर फुटलेली जलवाहिनी जोडण्यात जाणारा वेळ कुणी कधी मोजतो का?

महापालिकांनी आणि नगरपालिकांनी एवढे करावे. निविदेत शोधणीची बाब वेगळ्या दराने घालावी. रस्त्यावरच्या खुणांची छायाचित्रे जोडल्याशिवाय खोदाईचा परवाना देऊ नये. नव्या प्लास्टिक वाहिनीशेजारी माग-तार टाकलीच पाहिजे, अशी अट घालावी. आणि चरात जे सापडेल त्याची खोली व जागा नकाशावर उतरवून दिल्याखेरीज ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करू नये.

आपला,
एक वाचक