उभ्या ट्रकमधील झोप आणि छतावरचे ऊन

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी अपुरा आहे. ही यंत्रणा सहसा इंजिनाच्या बळावर चालते. रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक भागात मालासाठी ताटकळणाऱ्या चालकाचे मात्र केबिन हेच शयनगृह असते. त्याने डिझेल जाळावे की घामाने भिजत जागावे?

उपाय छतावरच आहे. दोन चौरस मीटरचे, २० टक्के कार्यक्षमतेचे सौर पॅनेल भर उन्हात सुमारे ४०० वॅट देते. तापमान २५ अंशांपुढे गेले की सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. त्यात धुळीचा थर आणि आडवी मांडणी. एवढी घट धरूनही निरभ्र दिवशी दीड युनिट वीज मिळावी. ४० वॅटचा पंखा आठ तास चालण्यास ०.३२ युनिट पुरते. ५०० वॅटच्या वातानुकूलकास त्याच काळात चार युनिट लागतात. म्हणजे पंखा, दिवा, मोबाइल सहज शक्य. रात्रभर गारवा नाही.

चार्ज कंट्रोलर आणि इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी बॅटरी मात्र अनिवार्य. अन्यथा पहाटे ट्रकच सुरू व्हायचा नाही.

नियमाने धावत्या केबिनचा विचार केला. आता उभ्या केबिनचाही व्हावा. अपुऱ्या झोपेची किंमत रस्त्यावरील प्रत्येकालाच मोजावी लागते.