सलाईन म्हणा की इन्फुझिया



आपल्यातले बरेच जण आता सत्तरी ओलांडून गेले. कोणाचा गुडघा, कोणाचं पित्ताशय, कोणाचं आतडं, घरोघरी ऑपरेशनचं बोलणं निघतंच. आजी विचारते, "सलाईन लावतील ना?" नातू म्हणतो, "सबता, त्याला इन्फुझिया म्हणतात!" वस्तू एकच. यावेळी तिच्याविषयीच लिहितो आहोत. बालमित्रांनो, तुम्हीही वाचा, मध्ये तुमच्यासाठी एक गणित आहे.

मुंबईला किंवा कोकणात असताना अशक्तपणा आला की डॉक्टर एक बाटली चढवत आणि माणूस उठून बसे. तेव्हापासून आपल्या मनात पक्कं बसलं आहे की सलाईन म्हणजे ताकद. पण एक लिटर सलाईनमध्ये असतं काय? पाणी आणि ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा दीड चमचा. बस्स! इथे ऑपरेशनला पुष्कळदा हार्टमानची पिशवी लावतात, तीच आपल्याकडची 'आर.एल.'. तिच्यात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं, म्हणून ती रक्ताच्या पाण्याशी जास्त जुळते. ताकद मात्र तिच्यातही नाही.

ही युक्ती निघाली पटकीच्या साथीत. १८३१ साली ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत असं त्याला दिसलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये लीथ गावी डॉ. थॉमस लाट्टा यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. मरणाच्या दारातली बाई अर्ध्या तासात बोलू लागली! पण जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. म्हणजे पहिल्याच रोग्यापासून प्रश्न तोच, किती द्यायचं आणि केव्हा? (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला गेला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा त्यानेच टाकल्या. हरहुन्नरी माणूस!)

ऑपरेशनच्या वेळी पाणी का लागतं? रोगी उपाशी असतो, भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडून ब्लडप्रेशर उतरतं, रक्त जातं, पोट उघडलं असेल तर ओलावा उडतो. उपाशी म्हणजे मात्र किप्पूरचा उपास नव्हे. हल्लीच्या नियमाप्रमाणे बहुतेकांना भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. बेत होलिमने दिलेला कागद नीट वाचून घ्या. उगाच आदल्या रात्रीपासून कोरडे राहिलात तर सुकून टेबलावर जाल.

आता मुलांचं गणित. वजनाच्या पहिल्या १० किलोंना ताशी ४ मिलिलिटर दर किलोला, पुढच्या १० किलोंना २, आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला १. हा हिशोब हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांच्या १९५७ सालच्या लेखावरून आला. २५ किलोच्या मुलाचं किती? ४० अधिक २० अधिक ५, म्हणजे ताशी ६५. आजी ६० किलोची असेल तर १००. हा झाला नुसत्या गरजेचा आकडा. गेलेलं रक्त वगैरे वेगळं मोजतात.

पूर्वी मोठ्या ऑपरेशनला लिटरवर लिटर पाणी सोडत. त्यातलं बरंचसं शिरेत राहतच नाही, अंगात झिरपतं. मग तोंड, पाय सुजतात, आतडं उशिरा चालू होतं, दुबळं हृदय असेल तर फुप्फुसात पाणी भरतं. २००३ साली डेन्मार्कमध्ये १७२ रोग्यांवर अभ्यास झाला, त्यात कमी पाणी दिलेल्यांना त्रास कमी झाला. मग सगळेच हात आखडू लागले. पण २०१८ साली सुमारे ३००० रोग्यांचा मोठा अभ्यास छापून आला. पहिल्या चोवीस तासांत कोणाला ३.७ लिटर, कोणाला ६.१ लिटर. वर्षभराने दोन्ही गटांची तब्येत सारखीच, पण कमी पाणीवाल्यांत मूत्रपिंडाला इजा जास्त झाली, शंभरात ५ च्या जागी साडेआठ. आमच्या मते हे मिठासारखंच आहे. भाजीत जास्त झालं तरी पंचाईत, कमी झालं तरी पंचाईत.

म्हणून भूल देणारा डॉक्टर, इथला रोफे मर्दीम, सारखा बघत असतो. ब्लडप्रेशर, नाडी, लघवी किती झाली, रक्त किती गेलं. गरज वाटली तर पाव लिटर देऊन बघतो, फरक पडला नाही तर थांबून दुसरं कारण शोधतो. पण तुमचं हृदय कसं आहे हे त्याला तुमच्याकडूनच कळायला हवं. आपले म्हातारे लोक हिब्रूत अडखळतात, "हाकोल बसेदेर" म्हणून मोकळे होतात. असं करू नका! हृदय दुबळं असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवीची गोळी, फुसिद वगैरे, चालू असेल, पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर भुलीच्या आधी सांगाच. नातवंडांनो, तुम्ही बरोबर जा आणि आजीच्या वतीने बोला. हृदय दुबळं असण्याला हिब्रूत ई-स्फिकात लेव म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा. गोळ्यांची यादी खिशात असू द्या.

ऑपरेशननंतर रोगी तोंडाने पिऊ लागला की इन्फुझिया काढतात. तेव्हा "आणखी एक बाटली लावा हो" म्हणून अहोतच्या मागे लागू नका, त्यात हयगय काही नसते. मात्र सुईजवळ हात सुजला, दुखू लागला, किंवा आडवं पडल्यावर धाप लागली, तर बेल लगेच दाबा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.